हद्दीच्या आधी रस्ते आखा : नगरविकास विभागाला खान्देशातून खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव,
नगरविकास विभाग, मंत्रालय, मुंबई.

प्रत : धुळे व जळगाव महानगरपालिकांचे नवनिर्वाचित सदस्य.

विषय : हद्दवाढ, नवीन नगरपंचायती आणि विकास आराखडा यांच्यात राहणारी पोकळी.

महोदय,

जनगणनेसाठी देशभरातल्या प्रशासकीय हद्दी 31 डिसेंबर 2025 नंतर गोठवल्या गेल्या आहेत. मार्च 2027 संपेपर्यंत कुठलं गाव शहरात जाणार नाही, कुठला तालुका तुटणार नाही. ही मुदत संपली की काय होणार, हे खान्देशात सगळ्यांना ठाऊक आहे. शहरांच्या हद्दवाढीचे विषय पुन्हा निघतील, भुसावळ जिल्ह्याची जुनी मागणी वर येईल, मोठ्या ग्रामपंचायती नगरपंचायत मागतील. यातली एकही मागणी गैर नाही आणि हे पत्र त्यांच्या विरोधात नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, हद्द बदलल्याची अधिसूचना आणि त्या जागेचा मंजूर विकास आराखडा यांच्यामध्ये कित्येक वर्षं जातात, आणि शहर खरं तर त्या मधल्या वर्षांतच बांधलं जातं. आराखडा येतो तेव्हा आखायला जागा उरलेली नसते. ही मधली वर्षं कमी करणं आपल्या विभागाच्या हातात आहे, आणि त्यासाठी आजच्याइतका चांगला वेळ पुन्हा मिळणार नाही.

नकाशे बदलण्याची खान्देशला सवय आहे. 1906 साली एका खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या माणसाला जिल्ह्याच्या कचेरीसाठी सातपुडा उतरून थेट धुळे गाठावं लागायचं, ते थांबलं. हा मोठा फायदा आहे आणि तो कुणी नाकारू नये. 2003 मध्ये जळगाव आणि धुळे या नगरपालिकांच्या महानगरपालिका झाल्या. पुढे साक्री, शिंदखेडा, धडगाव, बोदवड, मुक्ताईनगर इथे नगरपंचायती आल्या, नशिराबाद आणि पिंपळनेरला नगरपरिषदा झाल्या. धुळे महापालिकेत 2018 च्या सुरुवातीला भोवतालची 11 गावं घेतली गेली. प्रत्येक वेळी पाटी बदलली, शिक्का बदलला, कराची पावती बदलली. जमिनीवर कुठला रस्ता कुठून जाणार हा प्रश्न मात्र जवळपास प्रत्येक वेळी मागे राहिला.

तो कसा मागे राहतो, ते सविस्तर लिहितो. मी स्वतः अशाच एका वस्तीत राहतो. आधी ती ग्रामपंचायतीत होती, आता शहरात आहे.

गाव ग्रामपंचायतीत असताना गावठाणातल्या बांधकामाला ग्रामपंचायत परवानगी देते. गावठाणाबाहेर बिनशेती आणि लेआऊटचं काम जिल्हाधिकारी कार्यालय नगररचना शाखेच्या अभिप्रायावर करतं. शहर जवळ आलं की शेतकरी एकेक गट विकायला काढतो. कपाशीचा भाव पडला, मुलीचं लग्न आलं, विहीर आटली, कारण काहीही असो. घेणारा त्या एका गटाचा लेआऊट मंजूर करून घेतो. नऊ मीटरचा रस्ता, सहा मीटरचा रस्ता, दहा टक्के खुली जागा, सगळं कागदावर नियमाप्रमाणे. शेजारचा गट दोन वर्षांनी विकला जातो आणि त्याचाही लेआऊट नियमाप्रमाणेच होतो. पण दोन्ही लेआऊटचे रस्ते एकमेकांसमोर येत नाहीत. एकाचा रस्ता बांधापाशी येऊन संपतो आणि त्याच्या नाकासमोर दुसऱ्याच्या प्लॉटचं कम्पाउंड उभं राहतं. कायदा कुणी मोडलेला नसतो. तरी पाचशे घरांच्या वस्तीतून मुख्य रस्त्याला लागायला एकच वाट राहते, आणि अग्निशमनची गाडी किंवा ॲम्ब्युलन्स वळसा घालत येते.

नाल्यांचंही तसंच होतं. आपल्याकडे पाऊस मोजका, पण येतो तेव्हा एकदम येतो, आणि काळी जमीन त्यातलं फारच थोडं पाणी जिरवते. शेतात नाला असतो तेव्हा शेतकरी त्याला जपून असतो, कारण तो बुजवला तर त्याचंच पीक कुजतं. लेआऊट पडला की तो नाला कुणाचाच राहत नाही. वरच्या गटात त्याची रुंदी निम्मी होते, खालच्या गटात त्याचा पाइप होतो, आणि एका जोराच्या पावसात सगळं पाणी मधल्या गल्लीतल्या लोकांच्या घरात शिरतं.

हे सगळं झाल्यावर हद्दवाढ येते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 34 सांगतं की, हद्द वाढली तर वाढीव क्षेत्राचा विकास आराखडा तयार करण्याचा इरादा नियोजन प्राधिकरण, म्हणजे इथे महापालिका किंवा नगरपालिका, जाहीर करू शकतं. 'करू शकतं', केलंच पाहिजे असं नाही. मग इरादा जाहीर होणार, विद्यमान जमीन वापराचा नकाशा होणार, प्रारूप आराखडा प्रसिद्ध होणार, हरकती आणि सुनावण्या होणार, शेवटी शासनाकडे मंजुरीला जाणार. प्रत्येक पायरीला कायद्यात मुदत आहे आणि जवळपास प्रत्येक मुदतीला मुदतवाढ आहे. तोपर्यंत गुंठेवारीचे प्लॉट, जुने मंजूर लेआऊट आणि नवी घरं मिळून जागा भरून जाते.

आराखडा येतो तेव्हा आखणाऱ्यापुढे दोनच वाटा असतात. उभ्या घरांवरून रस्ता काढायचा, नाहीतर रस्ता सोडून द्यायचा. शाळा, दवाखाना, बाजार यांची आरक्षणं उरलेल्या मोकळ्या जमिनीवर पडतात, म्हणजे ज्या शेतकऱ्याने आजवर जमीन विकली नाही नेमकी त्याच्या शेतावर. ज्याने विकून पैसा केला तो सुटला, आणि ज्याने जमीन कसत ठेवली त्याच्या सातबाऱ्यावर आरक्षण बसलं. खान्देशात आराखड्याविरुद्ध जो राग दिसतो तो विकासाविरुद्धचा राग नाही, या अन्यायाविरुद्धचा आहे. आणि पुढे ते आरक्षणही टिकत नाही. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर त्याच कायद्याच्या कलम 127 खाली मालक खरेदी सूचना, म्हणजे 'माझी जमीन घ्या' अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. मोबदल्याला पैसा नसलेल्या महापालिकेच्या हातून बागा आणि क्रीडांगणं अशी एकेक करून जातात. शेतकऱ्याची बारा वर्षं टांगणीवर गेलेली असतात आणि मुलांना मैदानही मिळालेलं नसतं.

आता निर्णय कोण घेतं, याबद्दल. मला सगळ्यात जास्त हीच गोष्ट लागते.

ग्रामपंचायतीत ग्रामसभा आहे. ती कशी चालते हे मला माहीत आहे. कोरम भरत नाही, सह्या घरोघर फिरवून घेतात, सगळं खरं. तरीही ती एक जागा असते जिथे म्हातारी बाई उभी राहून सरपंचाला गटारीबद्दल अहिराणीत सुनावू शकते आणि ग्रामसेवकाला ते इतिवृत्तात लिहावं लागतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामीण निधीतला 80 टक्के वाटा महाराष्ट्रात ग्रामपंचायतीकडे येत होता आणि त्याचा आराखडा ग्रामसभेपुढे ठेवावा लागत होता. गाव शहरात गेलं की ग्रामसभा संपते. रोजगार हमीचं काम संपतं. अर्धवट राहिलेली जलजीवन मिशनची पाणीयोजना कुणी पूर्ण करायची यावर पत्रव्यवहार सुरू होतो, कारण जलजीवन ग्रामीण भागासाठी आणि अमृत शहरांसाठी. घरपट्टी टप्प्याटप्प्याने शहराच्या दरावर जाते. लोक कर द्यायला तयार नाहीत असं अजिबात नाही. माझ्या शेजारी लोक एवढंच विचारतात, "आते कोनले सांगानं?"

ग्रामसभेच्या बदल्यात शहरात काय मिळतं? चार सदस्यांचा प्रभाग. जळगाव महापालिकेत 75 जागा आहेत, धुळ्यात 74, आणि बहुतेक प्रभाग चार-चार सदस्यांचे. पूर्वीचं अख्खं गाव एखाद्या मोठ्या प्रभागाचा कोपरा होऊन जातं. त्या चौघांतला एकही नगरसेवक त्या गावात राहणारा असेल याची खात्री नाही, आणि चौघं असल्यामुळे एकालाही जबाबदार धरता येत नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. आपल्या राज्याच्या महापालिका कायद्यात त्याखाली क्षेत्रसभेची, म्हणजे वस्तीतल्या मतदारांच्या सभेची, तरतूदही आहे. खान्देशातल्या सामान्य माणसाला विचारून पाहा, तुमच्या क्षेत्रसभेची शेवटची बैठक कधी झाली. बहुतेकांना असं काही असतं हेच माहीत नसेल. त्याच घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत शहरांकडे द्यायचे 18 विषय आहेत. त्यातला पहिलाच विषय नगररचनेसह शहर नियोजन हा आहे.

निवडून आलेली माणसंही इतकी वर्षं नव्हती. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना आणि न्यायालयीन वाद यांत राज्यभरच्या स्थानिक निवडणुका अडकल्या. त्या वादाचा एक मोठा टप्पाही खान्देशातून जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च 2021 च्या निकालाने ज्या जिल्हा परिषदांतल्या काही जागा रद्द झाल्या, त्यांत धुळे आणि नंदुरबार होत्या. जळगाव जिल्हा परिषद मार्च 2022 पासून प्रशासकाकडे गेली, जळगाव महापालिका सप्टेंबर 2023 पासून, धुळे महापालिका डिसेंबर 2023 अखेरपासून. नगरपालिकांत तर अनेक ठिकाणी चार वर्षांच्या आसपास प्रशासक होते. त्यातले कितीतरी अधिकारी मेहनती होते. पण प्रशासक स्वतःच प्रस्ताव मांडतो, स्थायी समिती म्हणून तोच मंजूर करतो आणि महासभा म्हणूनही तोच. आराखड्यावरच्या हरकती ऐकण्यासाठी कायद्याने जी नियोजन समिती सांगितली आहे, तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. स्थायी समितीच अस्तित्वात नसेल तर शेतकऱ्याची हरकत लोकांनी निवडलेला कोण ऐकणार?

जिल्हा नियोजन समितीकडे या अंगाने फारसं कुणी पाहत नाही. राज्यघटनेच्या कलम 243 झेडडीप्रमाणे या समितीचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि शहरांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यायला हवेत. गाव आणि शहर यांच्या आराखड्यांची सांधेजोड तिथे व्हावी, ही कल्पना. जिल्हा परिषदेत आणि पालिकेत निवडून आलेलं कुणी नसेल तर ही समिती पालकमंत्री आणि अधिकारी यांची बैठक होऊन राहते. म्हणजे हद्दीच्या आतली जागाही गेली आणि हद्दीच्या दोन्ही बाजूंना जोडणारी जागाही गेली.

या जोडणीअभावी काय होतं, ते जळगावच्या माणसाला सांगायला नको. शहराच्या मधून गेलेल्या राष्ट्रीय महामार्गाला समांतर रस्ते हवेत म्हणून तिथल्या नागरिकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. माणसं मरत होती आणि रस्ता महामार्ग प्राधिकरणाने करायचा की महापालिकेने की राज्याने, यावर कागद फिरत होते. आता मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली आहे, 309 किलोमीटरचा हा मार्ग धुळ्यावरून जाणार आहे. स्टेशनभोवती, नरडाणा आणि अवधानच्या औद्योगिक वसाहतींभोवती जमिनीचे सौदे आराखड्याची वाट पाहत थांबणार नाहीत. औद्योगिक क्षेत्रात औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) हे वेगळं नियोजन प्राधिकरण, त्याला लागून ग्रामपंचायत, पलीकडे महापालिका. या तिघांचे रस्ते एका नकाशावर कोण मांडणार आहे?

आपल्या भागात निर्णयाची व्यवस्था नव्हती असं नाही. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर बंधारे बांधून फड पद्धतीने शेकडो वर्षं शेती झाली. फड म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर एकत्र भिजणारा शेतीचा मोठा तुकडा. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि बहुतेक खातेदारांची जमीन थोडीथोडी वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी पडलं तर कुठला फड भिजणार हे लाभधारक आधी बसून ठरवत, आणि तुटवडा सगळ्यांच्या वाट्याला येई. पाणी देणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या त्यांनीच नेमलेले. त्या व्यवस्थेत जातीची आणि मालकीची उतरंड होती, ती मला परत नको आहे. पण ज्याच्या रानातून पाट जाणार त्याला विचारल्याशिवाय पाट आखला जात नव्हता, आणि आखायच्या आधी पाणी सोडलं जात नव्हतं. धुळे शहरातही 1819 नंतर ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने नवी पेठ वसवली ती आधी सरळ रस्ते आखून. त्या गल्ल्या आजही नंबरांनी ओळखल्या जातात आणि दोनशे वर्षांनंतरही त्यांतून वाट सापडते. ब्रिग्जने कुणाला विचारलं नसेल. मला हवी आहे ती फडाची विचारपूस आणि त्या पेठेचा क्रम, दोन्ही एकत्र.

म्हणून मागणं असं आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर, शहादा अशा शहरांच्या कडेची गावं कुठली ते सगळ्यांना माहीत आहे. ती पुढे हद्दीत येवोत अथवा न येवोत, त्यांच्या रस्त्यांचा आणि नाल्यांचा सांगाडा आत्ताच आखून घ्या. यासाठी जमीन संपादन लागत नाही. भूमी अभिलेख कार्यालयात प्रत्येक गावाचा नकाशा आहे, त्यावर शिवरस्ते, पाणंद, नाले आणि गायरानं आहेत. शिवरस्ता मुळातच एका गटात संपत नाही, तो गावाच्या कडेने सलग जातो. तो रुंद करून मुख्य रस्ता धरला आणि नाल्याच्या दोन्ही बाजूंना ठरावीक पट्टा मोकळा ठेवला, तरी अर्धं काम झालं. यापुढे कुठलाही लेआऊट मंजूर करताना त्याचा रस्ता या सांगाड्याला आणि शेजारच्या गटाच्या रस्त्याला जोडलेला असलाच पाहिजे, अशी अट घाला. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकच एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात ही अट घालायला नवा कायदा लागणार नाही.

हद्दवाढीची प्राथमिक अधिसूचना निघते तेव्हा तिच्यासोबत हा नकाशा जोडा, म्हणजे लोक हरकत घेताना नुसती हद्द पाहणार नाहीत, आपल्या दारातला रस्ताही पाहतील. कलम 34 मधली ऐच्छिकता काढून टाका. अंतिम अधिसूचना आणि आराखड्याचा इरादा एकाच दिवशी जाहीर व्हावा. जी गावं शहरात येतील त्यांच्यासाठी आराखडा मंजूर होईपर्यंत क्षेत्रसभा दर तीन महिन्यांनी, त्याच गावात, जुन्या ग्रामपंचायतीच्या जागेत घेणं आयुक्तांवर बंधनकारक करा आणि तिचं इतिवृत्त महासभेपुढे ठेवा. नगरसेवक निवडून आलेले नसतील त्या काळात कुठलाही प्रारूप आराखडा अंतिम मंजुरीला पाठवू नका. तातडीचे रस्ते, पाणी, पूल यांना ही अडचण नको, पण वीस-वीस वर्षांचे निर्णय थांबू शकतात.

नगरपंचायतींबद्दल एक. 17 सदस्य निवडले म्हणजे नगरपंचायत झाली असं होत नाही. तिथे नगररचनेचं काम जाणणारा माणूस नसतो, मुख्याधिकाऱ्याकडे अनेकदा दुसऱ्या गावाचाही कारभार असतो. जिल्ह्याच्या नगररचना शाखेतून महिन्यातले ठरावीक दिवस एक रचना सहायक साक्री, बोदवड, धडगावसारख्या ठिकाणी प्रत्यक्ष बसवा. त्या दिवशी लोकांना नकाशा पाहायला मिळू द्या, मराठीत, वाचता येईल अशा आकारात. प्रारूप आराखड्यावर हरकतीला जेमतेम 30 दिवस मिळतात, आणि त्यातले निम्मे दिवस आपला गट नकाशावर कुठे आहे हे शोधण्यात जातात.

जानेवारी 2026 मध्ये निवडून आलेल्या धुळे आणि जळगावच्या सदस्यांनाही सांगणं आहे. तुमच्या पहिल्या वर्षात गटारी आणि पथदिव्यांची कामं येतीलच. पण प्रभाग समित्या आणि क्षेत्रसभा नेमून घेण्यासाठी ठराव तुम्हालाच करावा लागेल, तो मंत्रालयातून येणार नाही. कडेच्या प्रभागांतून निवडून आलेल्यांनी हा विषय महासभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी विनंती आहे.

महोदय, या पत्राचं उत्तर आम्हाला वेळापत्रकाच्या रूपात हवं आहे. कुठल्या शहराभोवतीच्या कुठल्या गावांचा सांगाडा-नकाशा कोणत्या महिन्यात होणार, कोण करणार, गावात कधी मांडणार. हद्दी मार्च 2027 पर्यंत हलणार नाहीत, आणि कडेच्या गावांत ग्रामसभा अजून शिल्लक आहेत. वेळापत्रक जुलैअखेर मिळालं तर या गावांना ते 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचता येईल आणि त्यावर आपला ठराव करून आपल्याकडे पाठवता येईल.

आपला,
खान्देशातील एक नागरिक